खड्डे मारायची मशीन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

संत्र्याची नवी लागवड, धुऱ्यावरचे कुंपण, बांबू, नांग्या भरणे (मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावणे) अशी खड्ड्यांची कामे मृगाच्या आधी उरकावी लागतात आणि ऐन तेव्हाच मजूर मिळत नाही. त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या ऑगरबद्दल, म्हणजे खड्डे मारायच्या मशीनबद्दल बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (वरुड तालुका): पाच एकरांत संत्रा लावायचा आहे, जमीन बरड. दुकानदार ५२, ६३ आणि ७२ सीसीच्या मशीन दाखवतो आणि मोठीच घ्या म्हणतो. १२ इंची बिटने, म्हणजे मशीनखालच्या स्क्रूसारख्या पात्याने, कलमाचा खड्डा एका दमात होतो, हे खरे का?

उत्तर: खड्डा होतो, पण तो कलमाला पुरत नाही. संत्र्याचा खड्डा निदान दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल हवा. त्यातून साधारण २२६ लिटर माती निघते. १२ इंची बिट दोन फूट खाली गेले तर निघते ४४ लिटर, म्हणजे पाचवा हिस्साही नाही. बाजूची जमीन भुसभुशीत असती तर मुळांनी वाट काढली असती. बरड जमिनीत खाली मुरूम असतो, आणि त्या कुंडीएवढ्या जागेत कलम दोन वर्षांनी अडून बसते.

हातातल्या मशीननेच करायचे असेल तर एका खड्ड्यासाठी चार भोके मारा. दोन फुटी चौकोन आखून त्याच्या चार कोपऱ्यांकडे एकेक. दोन भोकांमध्ये दोन-तीन इंचांची भिंत मुद्दाम राखायची, त्यासाठी चौकोन थोडा मोठा झाला तरी चालेल. भोके चिकटून घेतली तर बिट शेजारच्या मोकळ्या भोकात घसरते आणि मशीन चालवणाऱ्याच्या हाताला हिसका बसतो. चारही झाली की मधल्या भिंती आणि कोपरे सब्बलीने पाडून फावड्याने माती वर काढा. मेहनतीचा मोठा भाग मशीन करते, उरलेला माणूस.

आता हिशेब करा. ६ बाय ६ मीटरवर एकरी ११०च्या आसपास झाडे बसतात. पाच एकरांची साडेपाचशे, म्हणजे बावीसशे भोके. एवढ्या कामाला ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा डिगर १८ किंवा २४ इंची बिटसह भाड्याने आणणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. हातातली मशीन खरी उपयोगी पडते ती उभ्या बागेत नांग्या भरायला, जिथे ट्रॅक्टर वळत नाही, आणि कुंपणाचे खांब रोवायला.

सीसीबद्दल एवढेच: ६ आणि ८ इंची बिटला ५२ सीसी पुरते. १० आणि १२ इंची बिट मुरमात चालवायचे असेल तर ६३ किंवा त्यावरची घ्या, आणि दोघांनी धरायचे हँडल असलेलीच. दुकानात सीसी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: बिटचे दात बोल्टने बदलता येतात का, टोकाची चोच वेगळी मिळते का, आणि क्लच व डायफ्रॅम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) तालुक्याच्या गावात मिळतो का. तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील तर कितीही सीसीची असली तरी तिच्यात पैसे घालू नका.

प्रश्न (चांदूर बाजार): मागच्या वर्षी पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत मशीनने खड्डे केले. त्यात पाणी साचून राहिले आणि बरीच कलमे पिवळी पडून गेली. मजुरांनी हाताने केलेल्या खड्ड्यांतली मात्र जगली. असे का?

उत्तर: ओल्या काळ्या मातीत फिरताना बिटची कड खड्ड्याच्या भिंतीवरून माती लिंपत जाते. भिंतीला हात लावून पाहा, सारवल्यासारखी गुळगुळीत आणि चकचकीत लागेल. या थरातून पाणी बाजूला झिरपत नाही, आणि मुळे त्याला आपटून आतल्या आत गोल फिरतात. खाली पाणी उभे राहिले की फायटोप्थोरा बुरशीला रान मोकळे, आणि तिथूनच मूळकूज आणि डिंक्या (खोडातून डिंक गळणे) सुरू होतो. सब्बल-टिकासाने केलेल्या खड्ड्याची भिंत खडबडीत, फाटलेली असते, म्हणून ती कलमे वाचली.

उपाय दोन. एक, ओल असताना मशीन लावूच नका. माती मुठीत दाबून पाहा: गोळा होऊन बोटांना चिकटली तर थांबा, दाबल्यावर फुटली तर चालवा. दोन, खड्डा झाल्यावर टिकासाच्या टोकाने भिंतीवर चहूबाजूंनी उभ्या खाचा पाडा आणि तळ वीतभर खोदून मोकळा करा. एप्रिल-मेमध्ये खड्डे करून उन्हात तापू दिले तर भिंतींना आपोआप भेगा पडतात, हे सर्वांत स्वस्त.

तुमची जमीन भारी काळी आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. अशा जमिनीत निचरा होत नसेल तर खोल खड्ड्याच्या मागे लागण्यापेक्षा गादीवाफा करून त्यावर कलम लावावे, आणि कलमाचा डोळा, म्हणजे कलम बांधल्याचा सांधा, मातीच्या वर किमान वीतभर राहावा. डोळा मातीत गेला की कोणतीही मशीन आणि कोणतेही औषध कामी येत नाही.

प्रश्न (तेल्हारा): मशीन चालू होते, आवाजही दणक्यात येते, पन बिट काही फिरत नाही. जोर देला का थांबूनच जाते अन् जयका वास येते. काहून?

उत्तर: वरून खाली या क्रमाने पाहू नका, खालून वर या, म्हणजे खर्च वाचेल.

आधी बिट आणि गिअरबॉक्सचा दांडा यांना जोडणारी पिन. ती तुटली असेल तर दांडा फिरतो, बिट जागेवर. नवी पिन मिळेपर्यंत खिळा घालायची आपल्याकडे पद्धत आहे. तो वाकतो आणि भोक अंडाकृती करून ठेवतो, मग नवी पिनही खुळखुळते. त्याच मापाचा, चांगल्या लोखंडाचा बोल्ट आणि लॉक नट घाला.

पिन ठीक असून दांडाच फिरत नसेल तर क्लच. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे दोन बूट बाहेर फेकले जातात आणि ड्रमला धरतात. बूट झिजले किंवा त्यांना ऑइल लागले की ते घसरतात, आणि तुम्हाला येणारा जळका वास त्याचाच. इंजिनाचे चार बोल्ट काढले की ड्रम दिसतो. ड्रम निळा पडला असेल तर बूट आणि ड्रम दोन्ही बदला. ऑइल लागले असेल तर ते कुठून येते ते आधी शोधा, बहुधा क्रँकचे ऑइल सील गेलेले असते.

क्लच असा जळतो तो बहुतेक वेळा अर्ध्या रेसवर चालवल्याने. माती कडक लागली की हात आपोआप रेस कमी करतो, बूट अर्धवट धरतात आणि घासत राहतात. बिट जमिनीत असताना रेस पूर्ण ठेवा, आणि जड जाऊ लागले तर रेस कमी न करता मशीन वर उचला.

उलटही होते. रेस सोडली तरी बिट फिरत राहते. तेव्हा आयडलचा स्क्रू जास्त आवळलेला असतो किंवा क्लचची स्प्रिंग तुटलेली असते. असली मशीन दुरुस्त होईपर्यंत वावरात नेऊ नका.

प्रश्न (काटोल आणि नरखेडहून दोन पत्रे): एका मिस्त्रीने पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल सांगितले, दुसऱ्याने ४०. कोणाचे ऐकायचे?

उत्तर: मशीनसोबतच्या पुस्तिकेचे. स्वस्तातल्या बहुतेक ५२ सीसी मशीनवर २५ला १ लिहिलेले असते, म्हणजे लिटरला ४० मिली. काही चांगल्या कंपन्या त्यांच्याच प्रतीचे ऑइल वापरायच्या अटीवर ५०ला १, म्हणजे २० मिली सांगतात. पुस्तिका हरवली असेल तर ४० धरा. ऑइल जास्त झाले तर धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सर चोंदतो, पण हे सगळे साफ होते. कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो आणि इंजिनच जाते.

ऑइल टू-टीचेच (टू-स्ट्रोक इंजिनाचे) हवे, मोटारसायकलचे फोर-टी चालत नाही. डब्यात आधी अर्धे पेट्रोल, मग मोजून ऑइल, मग उरलेले पेट्रोल, आणि हलवून टाकीत. टाकीतच ऑइल ओतून मशीन हलवणे म्हणजे मिश्रण नव्हे. पहिल्या टाकीत तळाचे ऑइलच जास्त जाते आणि शेवटी कोरडे पेट्रोल.

प्लग काढून पाहिला की कळते: कॉफीसारखा रंग ठीक, काळा-ओला म्हणजे ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी पोचते किंवा कुठून तरी हवा ओढली जाते. पांढऱ्या प्लगवर मशीन चालवत राहू नका. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. मे महिन्याच्या धुळीत फोमचा एअर फिल्टर रोज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून लावायचा. गिअरबॉक्सला २०-२५ तास चालल्यावर ग्रीस द्या, पण ठासून भरू नका, तापून सील बाहेर ढकलते.

प्रश्न (दर्यापूर): काळ्या जमिनीत बिट स्क्रूसारखे आत गेले आणि रुतून बसले. ट्रॅक्टरने ओढले तर दांडा वाकला.

उत्तर: ओढायचे नसते, उलटे फिरवायचे असते. इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, पिन काढून मशीन बाजूला घ्या आणि वर राहिलेल्या दांड्याला मोठा पाईप पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. ते आत गेले तसेच, न वाकता बाहेर निघते. मुळात रुतू नये म्हणून दर वीतभर खोलीला बिट पूर्ण वर काढून माती झटकायची. वाकलेल्या दांड्यावर काम करू नका, गिअरबॉक्सचे बेअरिंग जाईल.

आणि मशीन नेहमी पोटाशी, कोपर वाकवून अशी धरा की हिसका बसला तर तो मांडीवर जाईल. गमछा, ओढणी, लुंगी घालून जवळही फिरकायचे नाही. भोक घेण्याआधी ठिबकची सबमेन आणि मोटारीची केबल कुठून गेली ते आठवून खुणा करा.

प्रश्न (सिंदेवाही): रोही (नीलगाय) आणि रानडुकरे अडवायला कुंपणाचे सिमेंटचे खांब लावायचे आहेत. किती खोल?

उत्तर: चार इंची खांबाला ८ इंची बिट, निदान दोन फूट, काळ्या जमिनीत अडीच. निघालेली काळी माती परत भरू नका, ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि खांब कलतो. मुरूम आणि दगडगोटे थरथराने ठोकून भरा. कोपऱ्याच्या आणि फाटकाच्या खांबांना काँक्रीट लागतेच.

प्रश्न (नागपूर ग्रामीण): मुलगा कॅनडात असतो. तिकडे गोठलेल्या तलावावर मासे धरायला बर्फात भोक पाडायची अशीच मशीन मिळते. ती इकडे आणली तर चालेल का?

उत्तर: बिट चालणार नाही. बर्फाच्या बिटला खाली दात नसतात, रंध्यासारखी धारदार पाती असतात आणि ती बर्फ तासत जातात. तिकडे वापरणारे त्या पात्यांना वाळूचा कणही लागू देत नाहीत, काम झाले की टोपी चढवतात. आपल्या मुरमात ती पहिल्याच भोकात जातील. इंजिन वापरता येईल, पण दांड्याचे माप जुळायला हवे. इथल्या बहुतेक मशीनचा दांडा २० मिलिमीटरचा, तिकडचे माप इंचात. अडॉप्टर घडवून घेण्यापेक्षा इथलीच मशीन घ्या, सुटे भाग तरी मिळतील.

प्रश्न (आर्वी): दोन महिने काम, दहा महिने मशीन पडून. पुढच्या वर्षी चालूच होत नाही.

उत्तर: पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढते, आणि पाणी जास्त झाले की पाण्यासह टाकीच्या तळाशी वेगळे बसते. त्या थरात ऑइल जवळजवळ नसते, आणि कार्बोरेटरचा डायफ्रॅमही त्याने कडक होतो. मिसळलेले पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लग काढून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग बसवा. बिटची माती खरवडून त्याला जुने ऑइल चोपडा. बोथट दात आणि चोच तेव्हाच काढून वेल्डिंगवाल्याकडे हार्ड फेसिंग रॉडने (कठीण थर चढवणाऱ्या वेल्डिंग रॉडने) भरून घ्या, मूळ कोन मात्र बदलू देऊ नका. कोन चपटा झाला की बिट जमीन नुसती घासते.

एवढे करूनही चालू होत नसेल तर टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून पाहा, मग डायफ्रॅम बदला. चोक लावून दोरी ओढताना इंजिन एकदा खोकले की चोक लगेच उघडायचा. तो तसाच ठेवून ओढत राहिलात तर प्लग भिजतो.