केसपेपरवर 'पडलं' लिहिण्याआधी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांचं बाळ, कानाच्या पाळीवर निळा डाग, आई म्हणते खाटेवरून पडलं. सिनियर म्हणतात, 'फॉल' लिही आणि सकाळी घरी सोड. तुला मात्र चैन पडत नाहीये, आणि इंटर्नशिपपर्यंत हे कुणी शिकवलंही नाही. तुझी शंका रास्त आहे.

तीन महिन्यांचं बाळ बहुधा पालथंही पडत नाही, मग ते खाटेच्या कडेपर्यंत गेलं कसं? चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही काळंनिळं दिसलं, किंवा चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर दिसलं, तर कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही. धावणाऱ्या मुलाला नडगीला, कपाळाला लागतं. कानाला सहसा लागत नाही.

रेसिडेन्सीत असंच एक बाळ मी घरी सोडलं. पंधरा दिवसांनी ते झटके येत असतानाच कॅज्युअल्टीत आलं, टाळू फुगलेली, म्हणजे डोक्यातला दाब वाढलेला. जुना केसपेपर काढला तर त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'किरकोळ मार'.

सिनियरवर रागावू नकोस. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पे आणि सहकाऱ्यांनी 1962 साली 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' (घरच्यांच्या मारहाणीने मुलांना होणाऱ्या दुखापती) मांडला, तेव्हाच लिहिलं होतं की आईबाप असं करू शकतात हे डॉक्टरांच्या पचनी पडत नाही. साठ वर्षांनंतरही तेच चालू आहे.

बाळाचे सगळे कपडे काढून, लंगोटसुद्धा, नीट बघ. डाग मोजून आकृतीवर काढ. रंगावरून 'तीन दिवसांपूर्वीचा' असं लिहू नकोस, रंगावरून वय ठरवता येत नाही. आईचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात लिही. पोलिसी प्रश्न नकोत. "दिवसभर बाळ कोणाजवळ असतं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. बाप, आजी यांना वेगवेगळं विचार. आईलाही घरात मार बसत असेल, म्हणून तिच्याशी एकटीशी बोल. रक्त नीट गोठतं का हे बघायला प्लेटलेट, पीटी, एपीटीटी या तपासण्या पाठव. जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का तेही बघ. रक्तस्रावाचा आजार असेल तर घरच्यांवर अन्याय नको.

गुन्हा सिद्ध करणं आपलं काम नाही. लैंगिक अत्याचार असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 स्पष्ट आहे: गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. इथे प्रकरण मारहाणीच्या संशयाचं आहे, म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची नोंद) कर. चाइल्ड हेल्पलाइन 1098 आणि बाल कल्याण समिती त्यासाठीच आहेत.

बाळ सकाळपर्यंत ऑब्झर्व्हेशनला आहे म्हणालीस. मग आत्ताच युनिट हेडना फोन लाव. "डिस्चार्ज थांबवा, पूर्ण अंगाचे एक्स-रे आणि डोळ्यांची आतली तपासणी करायची आहे," एवढंच सांग. ओरडले तरी तुझी नोंद वेळेसकट पेपरवर असू दे.