सांगलीचा पिनकोड ४१६४१६ : या संख्येचे मूळ अवयव कोणते आणि विभाजक किती?

भागाकार करत बसू नका, आधी आकडा नीट बघा. ४१६ दोनदा लिहिलंय, म्हणजे ४१६ × १००१. खरी गंमत त्या १००१ मध्ये आहे : ७ × ११ × १३! म्हणून तीन अंकी कुठलीही संख्या पाठोपाठ दोनदा लिहा, तिला ७, ११, १३ ने भाग जाणारच. हळदीच्या पोत्यावर छापलेला पिन दाखवून मी शिकवणीच्या मुलांना हेच सांगते, त्यांचे डोळे चमकतात.

४१६ म्हणजे ३२ × १३, त्यामुळे १३ दोनदा येतो. मूळ अवयव : २⁵ × ७ × ११ × १३². घातांकांत एकेक मिळवून गुणा, ६ × २ × २ × ३ = ७२ विभाजक. ७ आणि ११ एकेकदाच आल्याने ही पूर्ण वर्ग संख्या नाही.