आठ हजार जास्त मिळतायत, तरी पाय निघत नाही

"मॅडम, दुसरीकडे महिन्याला आठ हजार जास्त देतायत. पण पाय निघत नाही, आणि इथे मनही लागत नाही. माझंच काही चुकतंय का?"

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करणारा चौतिशीचा गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सोबत वही. मधोमध रेघ, डावीकडे 'राहायचं', उजवीकडे 'सोडायचं'. दोन्हीकडे आकडेच आकडे: पगार, पेट्रोल, घराचा हप्ता.

वही मिटायला लावली. विचारलं, "कंपनीत खूप भारी वाटलं, असा दिवस कोणता? आणि घरी जाऊन जेवण गेलं नाही, असा?" प्रश्न माझा नाही. 1950च्या दशकात फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडच्या सुमारे दोनशे इंजिनिअर-अकाउंटंटना असंच काहीसं विचारलं होतं. कडू आठवणींत साहेब आणि कंपनीचे नियम जास्त निघाले. गोड आठवणींत जमलेलं काम, आणि कुणीतरी घेतलेली त्याची दखल.

याच्या दोन्ही आठवणी एकाच फिक्स्चरच्या, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या. पार्ट उलटा बसूच नये म्हणून याने एक साधी पिन सुचवली आणि रिजेक्शन थांबलं. काइझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या बोर्डावर फोटो लागला तो साहेबांचा.

"तेव्हापासून मी डबा कॅन्टीनमध्ये खात नाही. गेटजवळ बसतो." मग बराच वेळ नखं बघत राहिला.

त्या फोटोला दीड वर्ष झालं होतं. आठ हजारांची ऑफर तर गेल्या महिन्यातली.

मग इतके दिवस थांबला कशाला? लाइनवरच्या चार पोरांना यानेच शिकवलेलं, त्यांच्यात जीव अडकलेला. आणि ग्रॅच्युइटी, पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी रक्कम. त्याला सात महिने बाकी. 22,000 बेसिक, गुणिले 15, भागिले 26, गुणिले पाच: त्रेसष्ट हजारांच्या वर. हे मात्र चोरी पकडली गेल्यासारखं सांगितलं. हक्काच्या पैशांची लाज कसली, मला कळत नाही.

"नव्या ठिकाणी साहेब कोण?"

माहीत नव्हतं. कॅन्टीनचे दरसुद्धा विचारून आला होता, हे सोडून.

ती ऑफर त्याने जाऊ दिली. आपल्या साहेबांशी एकदा बोलून पाहिलं. उपयोग झाला नाही. सात महिने काढले आणि रांजणगावला लागला, पाच हजार जास्तीवर. मुलाखतीत एकच हट्ट धरला: ज्यांच्या हाताखाली काम करायचं, त्यांच्यासोबत शॉपफ्लोअरवर एक चक्कर. एचआरच्या बाई बघतच राहिल्या म्हणे.