मित्राने ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असेल तर

“त्याने हातावरच्या जखमा दाखवल्या आणि शपथ घातली. सांगितलं तर तो माझ्याशी कधीच बोलणार नाही. नाही सांगितलं आणि काही झालं तर?” दहावीतली एक मुलगी हे घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या वयाची मुलं समुपदेशकाकडे स्वतःसाठी येतात तशी मित्रासाठीही येतात, आणि अनेकांच्या गळ्यात अशी एखादी शपथ असते.

मित्रात काय बदललं, असं विचारल्यावर तिने बरंच सांगितलं. दीड-दोन महिन्यांपासून तो खेळायला येत नव्हता. साध्या चेष्टेवर भडकायचा. वर्गात पेंगायचा, पण पहाटे ३ वाजता ऑनलाइन दिसायचा. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. हाताला वरचेवर काहीतरी लागलेलं, आणि कारण दरवेळी वेगळं. घरचे म्हणत, वयच तसं आहे. शिक्षक म्हणत, उद्धट झालाय. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रासच होतो’ असं तो दोन-तीनदा बोलला होता. ते मात्र फक्त तिने ऐकलं होतं.

किशोरवयातलं नैराश्य अनेकदा रडक्या चेहऱ्याने येत नाही, चिडचिडीने येतं. मुलग्यांच्या बाबतीत तर ते हमखास ‘माज’ म्हणून खपतं. वाईट दिवस सगळ्यांनाच येतात, मग ओळखायचं कसं? उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज टिकली आहे का? आवडीच्या गोष्टी सुटल्या का? झोप, भूक, एकाग्रता यांत फरक पडला का? तो आधी असा नव्हता ना? यातलं बरंचसं एकत्र दिसलं तर तज्ज्ञाकडे नेण्याइतकं कारण झालं. निदान तज्ज्ञ करतील, मित्राने करायची गरज नाही.

स्वतःला इजा करणं आणि जीव द्यायची इच्छा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असह्य झालेली भावना क्षणभर ओसरावी, आतून बधिर झाल्यावर काहीतरी जाणवावं, किंवा स्वतःला शिक्षा व्हावी म्हणून मुलं स्वतःला इजा करतात. थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं, मग शरम, मग पुन्हा तोच ताण. पण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून ‘लक्ष वेधायला करतोय’ हे वाक्य कायमचं टाकून द्यावं. लक्ष वेधायचं असतं तर बाह्या खाली कशाला ओढल्या असत्या?

तिने त्याच्याकडून ‘पुन्हा करणार नाही’ असं वचन घेतलं होतं. हे सगळेच करतात, आणि ते बहुधा टिकत नाही. त्रास सोसायचा त्याच्याकडे असलेला एकमेव मार्ग काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही, तर पुढच्या वेळी तो तेच करतो आणि आता तिच्यापासूनही लपवतो. जखमा दाखव म्हणणं, ‘माझ्यासाठी थांब’ अशी गळ घालणं, चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून ‘काय करू?’ विचारणं, या सगळ्याने हेच होतं.

तिच्यासोबत आधी सराव केला तो विचारण्याचा. ‘विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल’ ही भीती मोठ्यांनाही असते. तसं होत नाही. आत्महत्येविषयी सरळ विचारल्याने तो विचार नव्याने पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिचं वाक्य होतं, “तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?” या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर हवंय, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. त्याऐवजी: “तू बरेच दिवस खेळायला आला नाहीस, रात्री झोपत नाहीस, मला काळजी वाटते. जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?” शक्यतो समोरासमोर, दोघंच असताना. मग गप्प राहायचं. उपाय सुचवायचे नाहीत, ‘लोकांना याहून मोठी दुःखं असतात’ तर मुळीच नाही.

उत्तर ‘हो’ आलं आणि कधी, कसं हेही त्याने ठरवलेलं असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही. त्याच क्षणी मोठ्या माणसाला बोलवायचं आणि तातडीच्या सेवेला फोन करायचा किंवा रुग्णालयात न्यायचं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरवीचे निरोप, खूप दिवसांच्या उदासीनंतर अचानक आलेली शांतता, यांनाही तितक्याच तातडीने घ्यायचं. तिथे शपथेचा विचारही करू नये.

तिच्या मित्राचं उत्तर होतं, “कधीकधी वाटतं, सगळं संपावं. पण काही ठरवलेलं नाही.” हेही एकट्या मैत्रिणीने सांभाळायचं नाही. सांगायचं की नाही, हा पर्याय त्याला द्यायचा नव्हता. कुणाला आणि कसं, हा द्यायचा होता. ती म्हणाली, “हे मी लपवून ठेवणार नाही. तुझ्या आईला सांगायचं की आपल्या बाईंना, ते तू ठरव. मी सोबत येते. आज नाही सांगितलंस तर मी सांगेन, पण तुला कळवून.” त्याने बाईंचं नाव घेतलं आणि नंतर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. असं होतं. राग बहुधा निवळतो, पण निवळेलच असं वचन तिला दिलं नव्हतं.

मोठ्यांना सांगताना मुलं ‘तो जरा टेन्शनमध्ये आहे’ असं म्हणतात आणि ऐकणारा ‘परीक्षा झाली की ठीक होईल’ म्हणून मोकळा होतो. म्हणून काय पाहिलं, कधीपासून, आणि तो नेमकं काय बोलला, हे त्याच्याच शब्दांत सांगावं. पहिल्या माणसाने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जावं.

बाईंनी पालकांना बोलावलं. वडिलांनी सगळ्यांत आधी फोन काढून घेतला, आई रोज हात तपासू लागली. दोन्ही काळजीपोटी, दोन्ही उलटं पडलेलं: फोन गेला म्हणजे मित्र गेले, आणि तपासणीने लपवायची जागा फक्त बदलते. पालकांना सांगितलेली पहिली गोष्ट वेगळीच होती. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा, धारदार वस्तू सहज हाताशी नकोत. जीव द्यावासा वाटण्याची टोकाची लाट पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवू शकतं.

मुलासोबत समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत गोपनीयतेची मर्यादा ठरली: जिवाला धोका असेल तर घरी सांगणार, बाकीचं दोघांत. मग त्याची सुरक्षा योजना त्याच्याच हाताने कागदावर लिहिली. लाट येतेय हे कशावरून कळतं, तेव्हा एकट्याने काय करता येतं, कुठे जाऊन बसता येतं, कुणाला फोन करायचा, कुणीच नसेल तर कोणती हेल्पलाइन. मनोविकारतज्ज्ञांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण त्यातल्या बिघाडानेही मरगळ येते. थेरपीसोबत औषधही सुरू झालं. नैराश्यावरच्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांत अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा भेटी जवळजवळच्या असतात. बरं वाटतंय म्हणून औषध मनाने बंद करणं, ही नेहमी होणारी गडबड.

मधल्या काळात मुलीचीच झोप उडाली होती. रात्री फोन वाजला की धडधड. तिच्यासोबत हे ठरलं: रात्री ११ नंतर फोन आईकडे, हे मित्राला आधीच सांगून ठेवायचं. त्याच्या यादीत आणखी दोन मोठी माणसं आणि हेल्पलाइन आहेत. भारतात ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मुलांसाठी १०९८ आहे, आणि जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२. ‘टेलि-मानस’ला मित्राने स्वतःच फोन करायला हवा असं नाही, त्याच्यासाठी काय करावं हे विचारायला मैत्रीणही करू शकते.