सायकल लांब न्यायची आहे? आधी घाट उतरवून बघा

थंडी सुरू झाली की कन्याकुमारीचे बेत ठरतात आणि तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही.

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग केलं तर चालेल ना? (कराड)

नाही. नव्या केबल सैल पडतात, स्पोक ढिले होतात, गिअर उड्या मारतात. तीन आठवडे आधी काम करून घ्या, सामान लादून शंभर-दीडशे किलोमीटर हिंडवा आणि मग त्याच मेकॅनिककडून चाकांचा आऊट (चाक फिरताना डगमगणं) पुन्हा काढून घ्या.

जेलचं सीट कव्हर घेऊ का? (विटा)

नको. मऊ सीटमध्ये बूड रुततं आणि भार हाडांऐवजी मधल्या नसांवर येतो. पॅडवाली सायकलिंगची चड्डी घ्या, तिच्या आत दुसरी घालू नका. उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर डॉक्टर गाठा.

मिरजेहून आंबोलीमार्गे गोवा आणि पुढे दक्षिणेत जाणार आहोत. डिस्क ब्रेक असल्यावर घाटाची काळजी नाही, असं दुकानदार म्हणाला. खरं का?

त्याला सायकल विकायची होती. डिस्क म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेली चकती; ती पावसात चांगली धरते, एवढं खरं. पण मागे पंधरा किलो सामान असताना घाटभर ब्रेक अर्धवट दाबून ठेवलात तर डिस्कसुद्धा तापते, ब्रेकचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही. चाकाची कड (रिम) धरणाऱ्या रिम ब्रेकमध्ये तीच उष्णता रिममधून ट्यूबकडे जाते आणि उतारावरच ट्यूब फुटते. म्हणून वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करायचा, मग पूर्ण सोडायचे, हवा लागू द्यायची. ‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो’ ही ऐकीव गोष्ट आहे. थांबवण्याचं जास्त काम पुढचाच करतो. फक्त वजन मागे घ्या आणि वळणात दाबू नका.

पॅड काढून उजेडात धरा. रिम ब्रेकच्या रबरात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसले तर ते सुईने काढा, नाहीतर रिम कुरतडली जाते. रबरावरच्या खाचा पुसल्या असतील तर पॅड बदला. डिस्क पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरेपर्यंत वाट बघू नका. चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडाला तर पॅड गेले, हे धरून चाला. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी ऑइलवर चालणारा, असेल तर लिव्हरवर कोणतं ऑइल लिहिलंय ते वाचा. मिनरल ऑइलच्या जागी डॉट (गाड्यांचं ब्रेक ऑइल) भरलं की आतली सीलं फुगतात. हे काम घरी नको, जाणकाराकडेच द्या.

आणि पहिला उतार आंबोलीचा नको. सगळं सामान लादून पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरा, मध्ये थांबून ब्रेक तपासा. शंका आली तर परत दुकानात.

गुडघा दुखतो, बाम चोळून निघू का? (कोरेगाव)

नाही. पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पॅडलवर ठेवा; पॅडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला. तरीही दुखलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, तारीख पुढे ढकला.

वाटेत पंक्चरवाले असतातच, सुटे भाग कशाला? (इस्लामपूर)

बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड बसणार नाही. पितळी ॲडॅप्टर ठेवा. दोन ट्यूब, आपल्या मापाचे स्पोक, चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी). मागच्या गिअरचा हँगर (गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) मात्र प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि सायकल आडवी पडली की तोच वाकतो. तो आत्ताच मागवा.

फक्त पाणी पुरेल का? (सांगली)

तासन्‌तास घाम गाळल्यावर नाही, मीठही जातं. मेडिकलमधलं एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नव्हे. ‘एनर्जी’ लिहिलेली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.