पुराच्या पाण्यात उभा राहिलेला टिपर पाणी ओसरल्यावर लगेच चालू करून पाहावा का?

नाही, सेल्फ अजिबात मारू नका. आधी बॅटरीची वायर काढा. मी सांगलीत महापालिकेच्या गाड्यांचं काम करतो. 2019 आणि 2021 च्या कृष्णेच्या पुरानंतर गाळाने भरलेले टिपर आणि जेसीबी स्वतः उघडलेत. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो आणि अख्खं इंजिन उतरवावं लागतं. डिपस्टिक ओढून बघा: ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत गेलंय. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर काढा, इंजिनच्या पुढच्या क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. इंजेक्टरच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडते, तोंड लांब ठेवा. मग ऑइल आणि फिल्टर नवे, डिझेलची टाकी तळातून रिकामी. थोडा वेळ चालवून ऑइल पुन्हा बदला, पहिल्या वेळी ओल राहतेच. हे पैसे वाचवू नका. पाणी निम्म्या चाकापर्यंतच असेल आणि एअर फिल्टर कोरडा असेल तर इंजिन बहुधा वाचलेलं असतं, पण डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल, व्हील बेअरिंग आणि ब्रेक ड्रम तरीही उघडून पाहा.