मुलीनं बुटीबोरीची नोकरी सोडून बँकेची तयारी करावी का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, ताईंची मुलगी २६ वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर, नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात तीन वर्षं झाली, आता कंपनी रजिस्टरवरचं सगळं काम सॅपवर, म्हणजे कंपनीचा माल, उत्पादन, हिशोब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेतेय आणि स्टोअर, प्रॉडक्शनच्या लोकांकडून ते करून घ्यायची जबाबदारी हिच्यावर टाकलीये. पन्नाशीचे काका लोक मीटिंगमध्ये "हो मॅडम" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत रजिस्टर उघडतात, पोरगी मानेवाड्याला घरी येऊन रडते. ताई म्हणतात, सोडून दे, बँकेच्या परीक्षा दे.

ताई, आत्ता मधेच सोडायला लावू नका. बँक पीओला, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला, ओपनची वयोमर्यादा ३० आहे, म्हणजे तिच्या हातात अजून वेळ आहे. पण एवढ्या लहान वयात माणसं सांभाळत आख्खी कंपनी बदलताना बघायला मिळणं, हे परत कधी मिळेल सांगता येत नाही.

या कामातून आधी मी पण गेलेय. समुपदेशनात यायच्या आधी मी हिंगण्याला एका कारखान्यात एचआरमध्ये होते, तिथंही स्टोअर कॉम्प्युटरवर न्यायचं होतं. तिथले स्टोअरकीपर काका, त्यांचं रजिस्टर मला अजून डोळ्यासमोर दिसतं, आलेला माल निळ्या पेननं, कमी पडणारा लाल पेननं आणि कडेला पेन्सिलच्या बारीक खुणा, कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकच्या मागच्या बाजूला आहे त्याच्या. रात्री दोनला मशीन बंद पडली तरी मेंटेनन्सवाले त्यांनाच फोन करायचे. आम्ही तीन महिने त्यांना सांगत राहिलो की काका, सोपं आहे हो, दोन बटणं दाबायची. एक एन्ट्री केली नाही त्यांनी. शेवटी एक दिवस मी फक्त त्या खुणा काय आहेत ते विचारलं, तासभर समजावून सांगितलं त्यांनी आणि मग हळूच म्हणाले, "मॅडम, हे सगळं मशीनमध्ये गेल्यावर मला कोण फोन करणार?"

तीस वर्षांची इज्जत जायची भीती होती त्यांना, आणि आम्ही कीबोर्ड शिकवत बसलो होतो. मग रॅकची लोकेशन्स सिस्टीममध्ये टाकायचं काम त्यांच्याकडेच दिलं, ते सांगायचे आणि एक ट्रेनी पोरगा टाइप करायचा. महिनाभरात तेच दुसऱ्यांना ओरडायला लागले की इश्यू स्लिपची, म्हणजे स्टोअरमधून माल दिल्याच्या चिठ्ठीची, एन्ट्री का नाही केली.

विल्यम ब्रिजेस नावाच्या अभ्यासकानं हेच मांडलंय, बदल बाहेर एका दिवसात होतो पण माणसाच्या आत आधी काहीतरी संपतं, मग मधला गोंधळाचा काळ येतो आणि नवीन सुरुवात त्याच्यानंतर. तुमच्या मुलीचे काका लोक अजून पहिल्याच पायरीवर आहेत, आणि तिला वाटतंय ते तिच्या विरोधात आहेत.

आता बाईमाणूस म्हणून जी अडचण येते ती पण बोलते. मीटिंगमध्ये ठरलेलं सगळं संध्याकाळी पानठेल्यावर मोडतं, आणि तिथं ती जात नाही. म्हणून ज्याचं बाकीचे ऐकतात असा स्टोअरमधला एक माणूस तिनं आधी आपल्या बाजूला घ्यावा आणि डेमो कॉन्फरन्स रूममध्ये न घेता तिथंच रॅकपाशी घ्यावा, चहाच्या वेळेला. एक महिना रजिस्टर आणि सॅप दोन्ही चालू ठेवायला मागावं, स्टॉक जुळतोय हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की अर्धी कुरकुर थांबते.

एका गोष्टीत मात्र तुमची काळजी अगदी बरोबर आहे. २००५ मध्ये मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी ब्रिटनमधल्या कंपन्यांचा अभ्यास करून 'ग्लास क्लिफ' हा शब्द आणला, म्हणजे कंपनी अडचणीत असली की बाईला पुढे करतात आणि बिघडलं की खापर तिच्यावर फुटतं. म्हणून तिनं प्लांट हेडकडून ईमेलवर लिहून घ्यावं, कुठले निर्णय ती घेऊ शकते, गो-लाइव्हची, म्हणजे नवीन सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करायची तारीख पुढे ढकलायचा अधिकार कोणाचा, आणि जुना डेटाच चुकीचा निघाला तर जबाबदार कोण. हे द्यायला ते टाळाटाळ करत असतील तर मग मला परत लिहा, तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

आणि बँकच म्हणताय तर अरुंधती भट्टाचार्य बघा ना. इंग्रजी साहित्य शिकलेल्या, १९७७ ला पीओ म्हणून लागल्या, २०१३ ला स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्यांच्याच काळात १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. किती हजार लोकांची ओळखीची पाटी, ओळखीचा साहेब एका तारखेला बदलला असेल, विचार करा! बँकेत गेली तरी हेच काम तिच्यापुढे येणार आहे.

एमबीएची घाई नको. हा प्रोजेक्ट पूर्ण होऊ द्या, मग आपलं नागपूरचं, मिहानमधलं आयआयएम आहेच, तिथल्या इंटरव्ह्यूत सांगायला तिच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

तोवर ती कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली की "सोड ती नोकरी" एवढं म्हणू नका, आधी जेवायला वाढा आणि आज स्टोअरमध्ये कोण काय म्हणालं ते विचारा. कोण गप्प बसलं होतं तेही विचारा.